भाव उतरल्याची चिक्की

पेट्रोल वाढलं की आमच्या ऑफिसात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ही सरळ लूट आहे. पेट्रोल दोन रुपयांनी वाढलं म्हणून परळहून दादरला जायला ॲपवरची टॅक्सी दुप्पट पैसे कशी मागते? दुसरा पक्ष म्हणतो, यालाच मार्केट म्हणतात, परवडत नसेल तर चालत जा. मी कुठल्याच पक्षात नसते. मी डबा उघडते आणि ऐकते. शेवटी कुणीतरी म्हणतंच, "चढवताना बरोबर चढवतात. उतरवताना कुणी बघितलंय का कुणाला?" तेव्हा मात्र मला सांगावंसं वाटतं, की मी बघितलंय. एका बाईला बघितलंय. पण सांगायचं तर चिक्कीपासून सुरुवात करावी लागेल, आणि एवढं बोलायची मला सवय नाही.

ती बाई आमच्या शाळेची व्हॅन चालवायची. आम्ही लालबागला राहायचो, शाळा दादरला, इंग्लिश मीडियम. व्हॅनमध्ये आम्ही चौदा मुली, आणि सगळ्या तिला काकी म्हणायचो. आमच्या आया तिला काकी म्हणायच्या आणि पेट्रोल पंपावरची मुलंही काकीच म्हणायची. साडीवर खाकी शर्ट, शर्टाच्या खिशाला बिल्ला, डोक्यात अबोलीची वेणी. गाडीत बसली की ती चपला काढून सीटखाली सरकवायची आणि अनवाणी पायाने गाडी चालवायची. "पायाला कळलं पायजे," ती म्हणायची. "चप्पल घातली की पाय जास्त दाबला जातो, आणि जास्त दाबला की पेट्रोल जास्त जातं." गाडी मुळात तिच्या नवऱ्याची. गिरणी बंद पडल्यावर त्याने ती घेतली, थोडे दिवस चालवली आणि मग कंटाळून तो गावी गेला. "नवरा गावी गेला, गाडी हयच रवली," काकी सांगायची. "मग एकाला तरी चालवायला नको?"

बाकीच्या व्हॅनवाल्यांनी तेव्हा गॅसचे सिलिंडर बसवून घेतले होते. स्वस्त पडायचं. काकीला कितीजणांनी समजावलं. ती एकच वाक्य बोलायची, "पोरींच्या बुडाखाली सिलिंडर? मी नाय ठेवणार." म्हणून पेट्रोल, आणि पेट्रोल म्हणून बाकीचं सगळं.

त्या बाकीच्या सगळ्यात पहिला नंबर दप्तरांचा. व्हॅनच्या मागच्या दाराला तिने एक ताणकाटा टांगला होता, भंगारवाल्यांकडे असतो तसा, आकडा असलेला. सोमवारी सकाळी प्रत्येकीचं दप्तर त्याला लागायचं. वजन म्हणजे पेट्रोल, हा तिचा हिशोब. "काय गो, धोंडे भरलेत काय? दोन बाटल्या कशाला? शाळेत नळ नाय? एक ओत." आणि ती मुलगी निमूटपणे गटाराशी जाऊन बाटली रिकामी करायची. एकीच्या दप्तरात इंग्रजीची जाडजूड डिक्शनरी निघाली, तेव्हा काकीने ती काढून डॅशबोर्डवर ठेवली. म्हणाली, "ही गाडीतच रवांदे. ज्या शब्दाचं अडेल तो हय बघायचा. चौदा जणींना एक पुस्तक बास." डिक्शनरी दप्तरात असो की डॅशबोर्डवर, तिचं वजन शेवटी तीच गाडी ओढत होती, हे आम्हाला कळत होतं. पण कुणी बोललं नाही.

पुढच्या सीटवर तिच्या शेजारी मी बसायचे. ही जागा सगळ्यांना हवी असायची, ती मला मिळाली कारण मी बोलत नव्हते. "बोलणाऱ्या पोरी पुढे बसल्या की माझं ध्यान रस्त्यावरनं जातं. ही मुकी बाय बरी." गप्प राहिल्याबद्दल कुणीतरी काहीतरी चांगलं दिलं, असं माझ्या आयुष्यात तेवढंच घडलंय. एरवी शाळेच्या रिपोर्ट कार्डवर दर वर्षी एकच शेरा असायचा: मुलीने अधिक बोलावे.

पुलावरून उतरताना घसरगुंडी असायची. हिंदमाताच्या बाजूला उतार लागला की काकी गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, पाय वर घ्यायची आणि ओरडायची, "फुकट!" मागून तेराजणी ओरडायच्या, "फुकट!" बाबांनी मला एकदा सांगितलं होतं की असं केल्याने पेट्रोल काही वाचत नाही, उलट धोका. मी हे काकीला कधी सांगितलं नाही. बाबांनीही नाही.

पंपावर तर ती संपूर्ण व्हॅनला कामाला लावायची. स्वतः खाली उतरून मीटरसमोर उभी राहायची, आणि आम्ही सगळ्या खिडकीतून बघायचो. पंपावरचा मुलगा म्हणायचा, "काकी, झिरो बघा." काकी म्हणायची, "मी नाय बघणार, पोरी बघतील." मग आम्ही एकसुरात: "झिरो!" नळी आत. बाजूला स्कूटरवर बसलेले लोक हसायचे. मी ओठ हलवायचे फक्त.

त्यानंतर भाव वाचायचा. हे काम माझं, कारण पुढच्या सीटवरून फलक नीट दिसायचा. आणि वाचायचा मराठीतून, पैशांसकट. आम्हा इंग्लिश मीडियमच्या मुलींची इथे अडचण व्हायची. सेव्हन्टी-टू कळायचं, बहात्तर म्हणजे कोण ते आठवावं लागायचं. एकदा मी एकोणसत्तरला एकोणऐंशी म्हणाले. काकीने स्टिअरिंगवर हात आपटला, "मेल्यांनी एका दिवसात धा रुपये चढवल्यानी!" आणि खिडकीतून त्या पंपावरच्या मुलाला असं काही बोलली की तो बिचारा फलकाकडेच बघत राहिला. मग तिने स्वतः फलक पाहिला, मग मला. "मुकी बाय," ती म्हणाली, "तुझ्यामुळे मी मार खाल्ला असता." त्या वर्षी मी साठपासून शंभरपर्यंतचे सगळे मराठी आकडे शिकले. शाळेत नाही, पंपावर.

भाव वाढला की काकी सरळ गाडी सुरू करायची. भाव उतरला की मात्र गाडी वळवून थेट चिवडा गल्लीत. गाडी दुकानासमोर उभी, मागून हॉर्न, आणि काकी शेंगदाण्याच्या चिक्कीची चौदा पाकिटं घेऊन येतेय. "खा गो. भाव उतरला." त्या काळी भाव रोज बदलत नसे, पंधरवड्याने वगैरे बदलायचा, आणि बहुतेक वरच जायचा. त्यामुळे चिक्की क्वचित मिळायची. मी कितीतरी दिवस देवाकडे पेट्रोल स्वस्त कर म्हणून प्रार्थना करत होते. घरात वाटायचं, किती समजूतदार मुलगी.

पुढे मी कॉलेजात गेल्यावर भाव रोज बदलायला लागला. तेव्हा एकदा काकी मला लालबागच्या मार्केटात भेटली होती. फारच वैतागलेली. "आज पाच पैसे वर, उद्या सात पैसे खाली. चिक्की द्यायची कधी, तूच सांग! चोरासारखे चढतात हे आता. आधी निदान धडधडीत तोंडावर चढायचे."

चिक्की का, हे ती एकदा मिटिंगमध्ये बोलली होती. मिटिंग म्हणजे पालकांची, गणपती मंडळाच्या खोलीत. काकीने भाडं वाढवलं होतं आणि जाब विचारायला सगळे जमले होते. मी बाबांच्या मागे उभी. बाबांनी घरातून निघतानाच ठरवलं होतं की आपण बोलायचं नाही, फक्त हजर राहायचं. बोलत होती शर्वरीची आई. शर्वरी माझ्याच वर्गात होती, आणि तिची आई बँकेत होती, आकड्यांना एकदम पक्की.

"काकी, पेट्रोल वाढलं, मान्य," ती म्हणाली. "पण जेवढं वाढलं त्याच्या कितीतरी पट तुमचं भाडं वाढलंय. ही नफेखोरी नाही का?"

"आणि टायर काय झाडाला लागतात ताई?"

"टायर पेट्रोल पितात का?"

"टायर नाय पीत, मी चाय पिते. दूधवाल्याने पण पेट्रोल दाखवून दूध वाढवलान. त्याला का नाय बोलावलात मिटिंगला?"

लोक हसले. शर्वरीची आई हसली नाही. "दूधवाल्याचं दूधवाल्याला विचारू. पेट्रोल उतरलं की भाडं उतरवणार का, एवढं सांगा."

"उतरवते की. दिवाळीच्या आधी वीस रुपये कमी घेतले ना सगळ्यांकडनं."

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणालाच आठवत नव्हतं. माझ्या बाबांनाही नाही, आणि ते तर दर महिन्याला स्वतः पैसे पाकिटात घालून माझ्या हातात द्यायचे.

"बघा," काकी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा जरा खाली आला. "चढलेला लोकांच्या ध्यानात राहतो. उतरलेला राहत नाय. म्हणून तर चिक्की देते पोरींना. त्यांच्या तरी ध्यानात रवांदे."

त्या दिवशी काकीने वाढवलेलं भाडंच कायम राहिलं. पण शर्वरीची आई जिना उतरताना म्हणाली, "हिच्यावर लक्ष ठेवायला हवं." आणि ते तिने ठेवलं.

मग तो टँकरवाल्यांचा संप आला. आमची वार्षिक परीक्षा सुरू व्हायच्या बेतात होती. दुपारी मोबाइलवर मेसेज फिरले, संध्याकाळपर्यंत प्रत्येक पंपावर रांग रस्त्यावर आली, आणि दुसऱ्या दिवशी फलकाखाली खडूने लिहिलेल्या पाट्या: पेट्रोल नाही. काकीच्या टाकीत होतं ते एक दिवस पुरलं. घरात साठा करणं तिला मान्य नव्हतं. "डब्यात पेट्रोल म्हणजे खाटेखाली वाघ," असं ती म्हणायची. परीक्षेच्या पहिल्या सकाळी ती नेहमीच्या आधी आली. माझं घर तिच्या रस्त्यात पहिलं, त्यामुळे गाडीत आम्ही दोघीच. तिने गाडी दादरच्या दिशेला न वळवता रे रोडकडे घेतली.

लाकडाच्या वखारींच्या मागे एक माणूस कोल्ड्रिंकच्या बाटल्यांतून पेट्रोल विकत होता. काकीने भाव विचारला. त्याने सांगितला. काकीने त्याच्या आईपासून सुरुवात करून त्याला जे काय सुनावलं ते मी इथे लिहू शकत नाही.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकी, लाइनीत रात्रभर मी उभा होतो. तू नव्हतीस."

काकीने पदराची गाठ सोडली. तिने पैसे दिले, स्वतः बाटल्या टाकीत ओतल्या, एक थेंबही खाली न सांडता. गाडी सुरू केल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाली, "लुटारू हाय मेलो." मग आणखी पुढे गेल्यावर, "पण रात्रभर उभा रवलो तो."

त्या सकाळी तिने कुठल्याही इमारतीखाली हॉर्न वाजवला नाही. प्रत्येक ठिकाणी गाडी थांबवून ती वर जात होती, अनवाणी निघायची आणि मग चपलेसाठी परत यायची. प्रत्येक दारात तेच सांगत होती: संप मिटेपर्यंत दिवसाच्या हिशोबाने भाडं दुप्पट, वरचे पैसे रोज द्यायचे, संप मिटला की बंद. शर्वरीची आई तिच्याबरोबर खाली आली. पैसे तिच्या हातात होते.

"परीक्षेच्या दिवशी!" ती म्हणाली. "आज आम्ही नाही म्हणू शकत नाही, हे माहीत आहे म्हणून ना?"

"ताई, बाटली दाखवू? ती बघा, रिकामी बाटली मागे पडलीय."

"मला बाटली नका दाखवू. अडलेल्याला नाडणं म्हणतात याला. लुटारू आहात तुम्ही."

सगळ्या मुली खिडकीत होत्या. काकीने पैसे घेतले, मोजले नाहीत. त्या दिवशी पुलाच्या उतारावर ती गिअरमध्येच उतरली. मागून कुणीतरी सवयीने "फुकट" म्हणालं आणि मध्येच थांबलं.

संप दोन-तीन दिवसांत मिटला. काकीने दुप्पट भाडं त्याच दिवशी बंद केलं. पण सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा व्हॅनमध्ये मी एकटी होते. बाकी सगळ्या एका एसी मिनीबसमधून जायला लागल्या होत्या. आज दुप्पट घेतलं, उद्या तिप्पट घेईल, असं पालकांच्या ग्रुपवर ठरलं होतं. आम्ही राहिलो, कारण बाबांना नव्या बसवाल्याशी जाऊन बोलणं जिवावर आलं होतं. आमच्या घरात लाजरेपणाने काही चांगल्या गोष्टीही झाल्या आहेत.

एका मुलीवर व्हॅन चालत नाही, हे मलाही कळत होतं. काकी दुपारी कुठल्या कुठल्या कंपन्यांची पार्सलं टाकायला लागली. गणपतीपर्यंत बघते, मग गाडी विकते आणि गावी जाते, असं ती पंपावरच्या मुलाला सांगत होती. पण सोमवारी माझं दप्तर काट्याला लागायचंच. आणि पंपावर मीटरसमोर उभी राहून ती खिडकीकडे बघायची. चौदाजणींचं काम मी एकटी करत होते. पहिल्या वेळी माझा "झिरो" इतका बारीक निघाला की तिने हात कानाशी नेला. "काय? पंपवाल्याला ऐकू नाय गेलं." मी पुन्हा म्हणाले. स्कूटरवरचा माणूस हसला. मी तिसऱ्यांदा ओरडले, रागाने.

"हां," काकी म्हणाली. "आता घाल रे नळी."

आणि मग एका दुपारी शाळेतून येताना मी फलक वाचला, आणि भाव उतरला होता. चांगला उतरला होता. काकीने मला दोनदा वाचायला लावलं, मग स्वतः वाचला. गाडी चिवडा गल्लीत गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात चौदा पाकिटं होती.

"काकी, मी एकटीच आहे," मी म्हणाले.

"मला काय दिसत नाय?" तिने तेरा पाकिटं माझ्या मांडीवर ठेवली. "चढला तेव्हा दारोदार जाऊन सांगितला ना? मग उतरला तो पण दारात जाऊन सांगायला हवा. भाडं पण वीस रुपये कमी, विचारलं तर सांग."

"मग तुम्ही जा."

"मी गेले तर म्हणतील, पोरी परत मागायला आली. तू जा. तुझ्या तोंडावर कोण दार लावणार?"

मी नको म्हणाले. खरं तर म्हणाले नाही, मान हलवली. काकीने गाडी पहिल्या इमारतीखाली उभी केली, इंजिन बंद केलं, आणि पुढे बघत बसून राहिली. तिला पेट्रोलची घाई नव्हती, कारण इंजिन बंद होतं. शेवटी मी उतरले.

पहिल्या दारात मला काहीच बोलता आलं नाही. पाकीट पुढे केलं आणि परत फिरले. काकीने विचारलं, "सांगितलंस?" मी पुढच्या पाकिटाकडे हात नेला. "नुसती चिक्की काय वाटतेस, वाढदिवस हाय काय? जा परत." मी परत गेले. दुसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा एका दमात म्हणाले, "काकींनी सांगितलंय, भाव उतरला." त्या बाई म्हणाल्या, "कसला भाव?" पुढच्या घरात आजी होत्या, त्यांनी पाकीट देवासमोर ठेवलं. एका ठिकाणी पाकीट परत मिळालं. एका ठिकाणी मैत्रिणीने दारातच फोडून तोंडात टाकलं आणि विचारलं, "घसरगुंडी अजून असते?" मी म्हणाले, असते. सहाव्या-सातव्या दारापर्यंत माझा आवाज मला ओळखू येईनासा झाला होता.

शर्वरीचं घर शेवटी ठेवलं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार तिच्या आईने उघडलं, नुकतीच बँकेतून आलेली, खांद्याला पर्स तशीच.

"काकींनी सांगितलंय, भाव उतरला."

तिने पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "किती उतरला?"

मी सांगितलं. मराठीत, पैशांसकट, न अडखळता.

"आणि भाडं?"

"ते पण. वीस रुपये."

"ज्यांच्या मुली व्हॅनमध्ये नाहीत, त्यांचंही उतरलं?"

हे काकीने सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "हो."

शर्वरीची आई आत वळली. ती गॅलरीत गेली, मीही मागोमाग गेले. खाली व्हॅन उभी होती. काकी पदराने पुढची काच पुसत होती. वर बघत नव्हती. एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होती. आतून शर्वरी ओरडली, "आई, मला त्या एसी बसमध्ये मळमळतं, मी सांगितलंय तुला!"

"तू गप्प बस," तिची आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "विचार तिला, जागा आहे का."

मी जिना उतरले, धावतच. "काकी, जागा आहे का विचारतायत."

काकीचा हात काचेवर थांबला. तिने व्हॅनमध्ये नजर टाकली. मागच्या सगळ्या सीटवर मिळून माझं एकटीचं दप्तर होतं. ती गाडीत बसली, चपला काढून सीटखाली सरकवल्या, आरशात बघून वेणी सारखी केली.

"सांग, बघायला लागेल. गाडी फुल हाय."

"काकी!"

"सांग गो. एकदम हो म्हटलं तर अजून वीस रुपये उतरव म्हणेल. बँकेतली हाय ती."

मी पुन्हा तीन जिने चढले. दार उघडंच होतं, शर्वरीची आई अजून गॅलरीत.

"काकी म्हणाल्या, गाडी फुल आहे," मी सांगितलं. "पण बघतील."

तिने वाकून खाली त्या रिकाम्या गाडीकडे पाहिलं. मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. तिने पाकीट फोडलं, चिक्कीचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या हातावर ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "तिला म्हणावं, आम्ही थांबतो."